पेपरवर शिकवा म्हणणाऱ्यांनो, या आता फरशी पुसायला

कुत्र्याच्या पिल्लाला आधी पेपरवर शू-शी करायची सवय लावा, सोप्पं असतं, असं ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं त्या सगळ्यांनी आज आमच्या हॉलमध्ये यावं. फडकं मी देते.

चिकू आणला तेव्हा दोन महिन्यांचा होता. देशी आहे, हुशार आहे, आणि तोच तर प्रॉब्लेम आहे. डॉक्टर म्हणाले लसीचे सगळे डोस होईपर्यंत खाली जमिनीवर सोडायचं नाही, पार्व्होचा आजार झाला तर पिल्लू हातचं जातं, म्हणजे चारेक महिन्यांचा होईपर्यंत घरातच. बरं. चौथा मजला, बाल्कनीत वॉशिंग मशीन. पसरले पेपर. झोपून उठला की पेपरवर, खाल्लं की पेपरवर, खेळून झालं की पेपरवर, रात्री दर दोन-अडीच तासांनी अलार्म लावून मी उठतेय (एवढ्याशा पिल्लाला त्याहून जास्त धरताच येत नाही, आणि आमच्या ह्यांना अलार्म ऐकूच येत नाही, काय ती झोप), झालं की शाब्बास आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा. पंधरा दिवसांत शिकला हो! फोटो काढून नातेवाईकांना पाठवले मी, मूर्खासारखे.

आता साडेचार महिन्यांचा आहे. खाली नेते तर साहेब चाळीस मिनिटं पावसात फिरतात, पार्किंगमधलं प्रत्येक चाक हुंगतात, गवत ओलं म्हणून एक पाय वर धरून माझ्याकडे बघतात आणि करत काहीच नाहीत. मी छत्री धरून 'शू कर ना राजा' म्हणत उभी. वर आलो, पट्टा काढला, की धूम ठोकून पेपरवर. कुठल्या? सासऱ्यांच्या. आजच्या. अर्धं शब्दकोडं सोडवून चहा आणायला उठले होते, दोन मिनिटं.

ओरडू तरी कुठल्या तोंडाने? शिकवलं तेच केलंय त्याने! वर शेपटी हलवत चिकन मागतो.

त्यात शेजारच्या काकू, म्हणे नाक घासा त्यात. अहो, घासलं ना ह्यांनी एकदा, त्यातून तो एवढंच शिकला की माणसांसमोर करायची नाही, आता सोफ्यामागे करतो आणि मला दुसऱ्या दिवशी वासावरून कळतं. बरं ते पुसायला मी घेतलं काचा पुसायचं अमोनियावालं लिक्विड, तर परत तिथेच, परत तिथेच. मग कळलं मुताचा वासही त्याच जातीचा, म्हणजे मीच रोज पाटी लावत होते, मुतारी इकडे आहे म्हणून.

शेवटी डॉक्टर म्हणाले, शू केलेला पेपर खाली नेऊन गवतावर ठेवा, तिथे करायला लागला की रोज थोडा लहान करा. आज सकाळी नेला. पिशवीत घालून, लिफ्टमध्ये श्वास रोखून. झाडाखाली पसरला, वर दगड ठेवला, चिकूने हुंगला, गोल गोल फिरला, आता बसणार एवढ्यात मागून वॉचमन, 'ओ मॅडम, कचरा नाही टाकायचा इथं, चेअरमन साहेब आम्हाला बोलतात.'

दचकला, शेपूट पायात. आलो वर. सासऱ्यांनी शहाण्यासारखा पेपर मांडीवर घट्ट धरला होता. पुरवणी तेवढी खाली पडली होती.