‘सीझर!’ हा युद्धखेळ आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

पाओलो मोरी यांच्या ‘सीझर!’ (२०२२) या दोघांच्या बोर्डगेमला मी ‘सुटसुटीत युद्धखेळ’ म्हटले, त्यावर आपला आक्षेप असा आहे की ज्या पटावर सैन्य हलत नाही आणि सीझर-पॉम्पी युद्धातली निर्णायक फार्सेलसची लढाई खेळताच येत नाही, त्याला युद्धखेळ म्हणणे ही वाचकांची दिशाभूल आहे. प्रांतांच्या सीमांवर टोकने (बळाचे आकडे असलेल्या सोंगट्या) मांडण्याच्या कोड्याला वरून रोमन मुलामा दिला आहे, एवढेच, असे आपले म्हणणे. आक्षेप नेमका आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

सीझर आणि पॉम्पी या दोन रोमन सेनानींच्या संघर्षाचे पहिले वर्ष, म्हणजे इ.स.पू. ४९, नीट पाहिले तर त्यातले किती प्रांत मोठ्या लढाईविना एकाकडून दुसऱ्याकडे गेले हे लक्षात येते. पॉम्पीने मार्चमध्ये इटलीतल्या ब्रुंडिसियम बंदराहून समुद्र ओलांडला आणि इटली सीझरच्या ताब्यात गेली. सार्डिनियात काराली शहराच्या लोकांनीच पॉम्पीच्या पक्षाच्या अधिकाऱ्याला हाकलून दिले. पॉम्पीच्याच पक्षाच्या केटोने न लढता सिसिली सोडली. हिस्पानियात (आजच्या स्पेनमध्ये) इलर्डाजवळ चकमकी झाल्या खऱ्या, परंतु पॉम्पीचे सेनापती अफ्रानियस आणि पेट्रेयस शेवटी शरण आले ते पाणी आणि धान्य तोडले गेल्यामुळे. या सगळ्यात निर्णायक ठरला तो प्रश्न, कोणत्या प्रांताभोवती कोणाचे बळ उभे आहे हाच. आणि हा खेळ नेमका तोच प्रश्न विचारतो.

टोकनवर दोन आकडे असतात, सीमेच्या प्रत्येक बाजूच्या प्रांतासाठी एकेक. एका बाजूला जास्त बळ दिले की दुसरी बाजू उघडी पडते. सीझरचा सेनानी क्युरियो याचे उदाहरण घ्या. सीझरने दिलेल्या चार लीजनांपैकी (लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी) दोन त्याने सिसिलीत ठेवल्या आणि दोनच घेऊन तो आफ्रिकेत उतरला. सिसिली टिकली, पण बाग्रादास नदीकाठी नुमिडियाच्या जुबा राजाच्या फौजेपुढे त्याचे सैन्य संपले आणि तोही मारला गेला. लढाईचा नकाशा नसतानाही ही ओढाताण प्रत्येक चालीत जाणवते. त्यातच, प्रांताची शेवटची मोकळी सीमा जो भरतो त्याला बोनस टोकन मिळते, मग प्रांत प्रतिस्पर्ध्याकडे गेला तरी. त्यामुळे जाणूनबुजून एखादा प्रांत सोडून देणे हीसुद्धा पूर्ण विचारांती केलेली खेळी ठरते. मला या नियमाचे विशेष कौतुक वाटते.

आपल्या म्हणण्यातला एक भाग मात्र मला मान्य आहे. इ.स.पू. ४८ च्या ऑगस्टमध्ये फार्सेलसला एका दिवसात सगळे चित्र पालटले, तसे या खेळात घडू शकत नाही, आणि पिशवीतून कोणते टोकन हाती येईल यावर आपला ताबा नसतो. वीस मिनिटांच्या डावात मला हे खटकत नाही. दोन तासांच्या डावात नक्कीच खटकले असते.

सैन्याच्या हालचाली आणि फाशांवरची लढाईच हवी असेल, तर कोलंबिया गेम्सचा ‘ज्युलियस सीझर’ (२०१०) आपल्याला अधिक रुचेल. त्यातल्या लाकडी ठोकळ्यांचे बळ प्रतिस्पर्ध्याला दिसत नाही, आणि हरलेली क्लिओपात्रा थेट जिंकणाऱ्याच्या बाजूला जाते. परंतु ज्याने आजवर एकही युद्धखेळ खेळलेला नाही, त्याच्यासमोर मी आधी ‘सीझर!’च मांडेन.