हिवाळ्यात दर रविवारी एटीव्ही स्टार्ट करू नका

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी जाड चाकांची छोटी गाडी, हिवाळ्यापुरती बंद करून ठेवण्याबद्दल एक मेसेज फिरायला लागतो. "एटीव्ही गराजमध्ये लावताना टाकी पूर्ण रिकामी करा. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, म्हणजे बॅटरी उतरत नाही. कूलंटमध्ये पाणी अजिबात नको. वरून ताडपत्री घट्ट बांधा, उंदरांसाठी डांबरगोळ्या ठेवा. ऑइल काय, वसंतात बदलता येईल." पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला गाडीच्या मुळावर येतो, आणि एक तर माणसांच्या जिवावर.

आधी तो रविवार. ही सवय आपण पुण्या-मुंबईहून आणली आहे. तिथे महिनाभर उभी असलेली गाडी आपण स्टार्ट करतो आणि एक चक्कर मारून येतो. खरं काम ती चक्कर करते. इथे जानेवारीत बाहेर उणे २० अंश सेल्सिअस असताना गाडी जागच्या जागी दहा मिनिटं धडधडत राहते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. इंजिन चांगलं तापलं तर ती वाफ उडून जाते. अर्धवट तापलं तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये तिचं पाणी होऊन साचतं. एका मित्राच्या गाडीचं ऑइलचं झाकण मी मार्चमध्ये उघडलं, तर आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर होता, बोटाला चिकटणारा. त्याने एकही रविवार चुकवला नव्हता.

बॅटरीचंही तेच. थंडीत सेल मारायला जेवढा करंट जातो, तेवढा नुसत्या आयडलिंगवर दहा मिनिटांत भरून येत नाही. दर आठवड्याला ती थोडी थोडी उतरत जाते, आणि उतरलेली बॅटरी गोठते. पूर्ण चार्ज असलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे १२.६ व्होल्ट दाखवणारी, उणे ५० पर्यंतही गोठत नाही. पार उतरलेली मात्र उणे १०च्या आतबाहेरच गोठते, तिचं कवच फुगतं, तडकतं. मिनेसोटात १९९६ च्या फेब्रुवारीत टॉवर या गावी उणे ५१ची नोंद झाली होती, पण एवढी थंडी लागतच नाही, साधी डिसेंबरची रात्र पुरते. तेव्हा बॅटरी काढून घरात ठेवा, किंवा तिला मेंटेनर, म्हणजे हळूहळू चार्ज देत राहणारा छोटा चार्जर, लावून ठेवा.

आणि कृपा करून हे घरातल्या सगळ्यांना सांगा: आपली बहुतेकांची गराजं घराला लागून आहेत. तिथे इंजिन चालू ठेवलं की कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, गराजचं दार उघडं असलं तरी. त्याला ना वास, ना रंग. वरच्या खोलीत मुलं झोपलेली असतात.

टाकीच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत कार्ब्युरेटरची वाटी जरूर रिकामी करा, तळाशी राहिलेलं पेट्रोल सुकून चिकट होतं आणि बारीक जेट, म्हणजे पेट्रोलची छिद्रं, बुजतात. टाकी मात्र भरलेली हवी. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीत हवा जितकी कमी, तितका ओलावा कमी. आधी फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव, घाला, मग पेट्रोल भरा, आणि गाडी बाहेर मोकळ्यावर फिरवून आणा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत किंवा कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. वाटी त्यानंतर रिकामी करायची.

कूलंटबद्दल, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, तर अनेक जाणत्यांचीही फसगत होते. पाणी गोठतं म्हणून निव्वळ कूलंट जास्त सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे. पण निव्वळ इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, उणे १३ लाच गोठतं! त्यात निम्मं डिस्टिल्ड पाणी मिसळलं की तेच मिश्रण उणे ३७ पर्यंत तग धरतं. बाटलीवर 'प्रीमिक्स्ड', म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं, असं लिहिलं असेल तर मात्र वर पाणी घालू नका.

ऑइल गाडी लावण्याआधीच बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो, तो पाच महिने बेअरिंगला लागून कशाला ठेवायचा? ताडपत्रीखाली ओल कोंडते, हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला. पण त्याआधी गाडी खालून धुऊन पूर्ण वाळवा, या मेसेजात त्याचा उल्लेखही नाही.

राहिल्या डांबरगोळ्या. उंदीर त्यांना जुमानत नाहीत, आणि तो वास घरात पसरतो तो वेगळाच. मी स्वतः एका एप्रिलमध्ये एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, उघडला तेव्हा कुरतडलेल्या फिल्टरवर गवत आणि ओकच्या फळांची टरफलं नीट रचून ठेवलेली होती. तेव्हापासून हवा आत घेण्याच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या टोकाला स्टील वूलचा (बारीक पोलादी तारेचा) बोळा घालतो, आणि हँडलला लाल चिंधी बांधतो: बोळे काढल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.