घर बघावं ते मे महिन्यात

जळगावात घर घ्यायचं ठरलं तेव्हा डिसेंबर चालू होता, आणि पहिली चूक तिथेच झाली. डिसेंबरात खानदेशात माणसाला काहीही आवडतं. बाजारात भरिताची वांगी आलेली असतात, सकाळी स्वेटर लागतो, आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की एजंट म्हणतो, "बघा सर, उजेड काय मस्त आहे!" आपणही त्या उजेडात पाठ शेकत उभे राहतो आणि मान डोलावतो. हाच उजेड मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचा होऊन येतो, हे त्या क्षणी कुणालाच आठवत नाही.

आठवलं ते आईला. आई अमळनेरकडची. घर बघायला गेली की ती हॉल, बेडरूम, टाइल्स असलं काही बघतच नाही. जिना गाठते आणि थेट गच्चीवर जाते. एजंट खाली मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून-मिटून दाखवत होता, आणि आईने वरून हाक मारून विचारलं, "बिबड्या कोठे वाळत घालायच्या?"

एजंटाच्या माहितीपत्रकात बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, नव्हत्या. तो म्हणाला, "आजी, गच्ची कॉमन आहे."

"कॉमन म्हंजे कोणाची?"

"सगळ्यांची."

"म्हंजे मनी नही," म्हणजे माझी नाही, असं म्हणून आईने विषय मिटवला. मग खाली येऊन दुसरा प्रश्न: "पानी कव्हय येस?"

"चोवीस तास!" एजंट म्हणाला. आम्ही बाहेर पडलो तर गल्लीत प्रत्येक दारापुढे निळे ड्रम रांगेने उभे होते. शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "दिवसाआड येतं भाऊ, आलं तर." जळगावला वाघूर धरणाचं पाणी आहे म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण धरणापासून आपल्या नळापर्यंत पाण्याचाही बराच प्रवास असतो. तेव्हापासून घर दाखवणाऱ्याला काही विचारायचं मी सोडलंय. वॉचमन, इस्त्रीवाला आणि शेजारच्या वहिनी, या तिघांना विचारतो.

क्षेत्रफळाचं प्रकरण तर वेगळंच. जाहिरातीत हजार चौरस फूट होतं. मी टेप लावला आणि आतून भरलं सहाशे ऐंशी. "बाकीचे कुठे गेले?" एजंट म्हणाला, "जिना, लॉबी, पॅसेज... ते सुपर बिल्टअपमध्ये असतं सर." म्हणजे तीनशे वीस फूट मी जिन्यावरून जाता-येता वापरायचे होते. रेरा कायद्याने आता कार्पेट एरियावरच, म्हणजे आतल्या वापराच्या जागेवरच, किंमत बोलायची असते, हे मी त्याला सुनावलं तेव्हा त्याने टेपकडे असं पाहिलं, जणू मी पंगतीत वजनकाटा घेऊन बसलोय. पण टेप न्यायलाच हवा. बेडरूममध्ये खडूने पलंग आखून बघितला, तर कपाटाचं दार उघडायचं असेल तेव्हा मुलाला पलंगावर उभं करावं लागणार होतं.

मग एक रो-हाउस मिळालं. स्वस्त, मोकळं, पूर्वेचं तोंड. मालक आम्हाला भलताच गोड वाटला, म्हणून मी वकील मित्राकडे कागद घेऊन गेलो. त्याने तीस वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा सर्च काढला, सातबारा-फेरफार चाळले आणि बोट ठेवलं: मालकाच्या बहिणीचं नाव अजून होतं. हक्कसोड, म्हणजे तिने वाटा सोडल्याचा कागद, नव्हता. बहीण सुरतला, उधन्यात. आमच्या खानदेशातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी तरी उधन्यात असतंच.

मालक म्हणाला, "सही करील हो ती! दरवर्षी राखीला येते."

वकील म्हणाला, "मग बयाणा राखीनंतर द्या."

राखी झाली. बहीण आली, राखी बांधली, पुरणपोळी खाल्ली, आणि सही न करता परत गेली. आमचं रो-हाउस तिच्यासोबत गेलं.

ह्या सगळ्यात मे पुन्हा आला, आणि आता मात्र मी ठरवून दुपारी दोनला घरं बघायला लागलो. एजंट फोनवर म्हणायचा, "सर, आत्ता? संध्याकाळी या ना." त्याचा हा आग्रहच मला पुरेसा असायचा. वरच्या मजल्याच्या एका फ्लॅटमध्ये नळ उघडला तर चहा करता येईल इतकं गरम पाणी आलं. दुसऱ्या घरी रात्री दहाला गेलो, पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला. ती भाकऱ्या होऊन गेलेल्या तव्यासारखी धग धरून होती. तिसऱ्या घरी कूलर ठेवायला खिडकीच नव्हती, म्हणजे होती, पण ग्रिल असं लावलेलं की कूलरचं तोंड हॉलमध्ये न येता शेजाऱ्यांकडे गेलं असतं. कूलर दिवसभर पाणी पितो आणि पाणी दिवसाआड, हे गणित तर कुणी मांडतच नाही.

शेवटी घेतलं ते मधल्या मजल्यावरचं, पूर्वेची बाल्कनी असलेलं. फक्त बाईच्याच नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून बायकोच्या नावावर केलं. पैसे वाचले खरे. आता तुळशीची कुंडी कुठे ठेवायची हे ठरताना "घर कोणाचं आहे?" असं मला विचारलं जातं. गच्ची कॉमनच आहे, पण तिसऱ्या दिवशी आईने वॉचमनकडून किल्ली मिळवली, आणि फाल्गुनात बिबड्या वाळल्या.

परवा डिसेंबरात तोच एजंट एका तरुण जोडप्याला वरच्या मजल्याचा फ्लॅट दाखवायला घेऊन आला. जिन्यात आवाज ऐकू येत होता: "उजेड बघा मॅडम, उजेड!" आमचं दार उघडं होतं. आई लसूण सोलत दारातच बसली होती. तिने त्या मुलीकडे बघून नुसतं विचारलं, "पानी कव्हय येस, इचारं का?"

एजंटाने दोघांना दोन-दोन पायऱ्या एकदम चढायला लावल्या.