सरदार सरोवराची 27 टक्के वीज ‘मोफत’ नाही, आणि ती विस्थापितांमुळे महागही झालेली नाही

परवा रात्री शहाद्याच्या मामांनी मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘तू हे विजेचे हिशेब वाचत असतोस, मग आम्हाला हे कधी का सांगितले नाहीस?’ संदेशात चार दावे होते. पाणी निसर्गाचे असल्यामुळे जलविद्युत फुकटात तयार होते. गुजरातेत नर्मदेवर बांधलेल्या सरदार सरोवर धरणाच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राला मोफत ठरलेला असून सरकार तो परस्पर विकून खाते. धरण सिंचनाचे असताना त्याचा खर्च विजेवर टाकणे ही लूट आहे. आणि नंदुरबारच्या विस्थापितांना जमिनी द्याव्या लागल्या म्हणूनच ही वीज महाग पडते. सोसायटीच्या कर्जाचा प्रत्येक हप्ता मुदतीआधी भरणाऱ्या माझ्या मामांनी हा मजकूर शहानिशा न करता आणखी तीन गटांवर पाठवला होता, याचा मला राग आला आणि अजूनही आहे.

पहिल्या दाव्यात फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. जलविद्युतला इंधन विकत घ्यावे लागत नाही आणि जुन्या केंद्रांची वीज स्वस्त पडते, एवढे खरे आहे. पण धरण, बोगदे आणि टर्बाइन यांसाठी पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो. त्यावरचे व्याज, घसारा, भागभांडवलावरचा परतावा आणि देखभाल-दुरुस्ती यांची वार्षिक बेरीज वीज विकूनच भरून काढायची असते. कर्ज फिटले की दर उतरतो, मात्र शून्यावर येत नाही, कारण यंत्रे झिजतात आणि दरवाजांची दुरुस्ती दरवर्षी करावीच लागते.

दुसऱ्या दाव्याचे उत्तर नर्मदा जलविवाद लवादाच्या, म्हणजे नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांत असलेला वाद सोडवण्यासाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाच्या, डिसेंबर 1979 च्या निवाड्यातच आहे. त्यात विजेची वाटणी मध्य प्रदेश 57, महाराष्ट्र 27 आणि गुजरात 16 टक्के अशी ठरवलेली आहे, आणि प्रकल्पाच्या वीजभागाचा भांडवली खर्चही याच प्रमाणात तिन्ही राज्यांवर टाकलेला आहे. देखभालीचा खर्चही त्याच प्रमाणात येतो. वीजगृहांचा संपूर्ण खर्च वीजभागात धरला आहे आणि धरणाच्या खर्चातला 56.1 टक्के हिस्सा विजेवर, तर 43.9 टक्के सिंचनावर टाकला आहे. वजावटी बाजूला ठेवल्या, तर धरणावर खर्च झालेल्या दर 100 रुपयांपैकी सुमारे 15 रुपये आणि वीजगृहावरच्या दर 100 रुपयांपैकी 27 रुपये महाराष्ट्राने द्यायचे आहेत. 1,450 मेगावॅट क्षमतेतला आपला वाटा 391.5 मेगावॅटचा आहे, तो या पैशाच्या बदल्यात. त्याला मोफत म्हणणे म्हणजे भागीदारीत घेतलेल्या विहिरीचे पाणी आपल्याला बक्षीस मिळाले असे सांगत फिरणे होय.

‘मोफत’ हा शब्द आला कुठून, याचा मला अंदाज आहे. केंद्राच्या जलविद्युत प्रकल्पांत, उदाहरणार्थ हिमाचल प्रदेशात, यजमान राज्याला 12 टक्के वीज विनामूल्य देण्याची पद्धत आहे आणि स्थानिक विकासासाठी आणखी 1 टक्का ठेवला जातो. ही वीज राज्य सरकारला मिळते, घराघरातल्या ग्राहकाला नव्हे, आणि तिचा भार उरलेल्या युनिटांच्या दरावर पडतो. दराच्या सूत्रातच विनामूल्य वीज वजा करून उरलेल्या युनिटांनी भागतात. कुणीतरी हे 12 टक्के आणि आपले 27 टक्के यांची सरमिसळ केली आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. वाट्याची वीज दरवर्षी पुरेशी मिळालेली नाही. 2019 मध्ये धरण पूर्ण पातळीपर्यंत भरण्यासाठी नदीपात्रातले वीजगृह बंद ठेवले गेले आणि मध्य प्रदेशाने त्याला उघड हरकत घेतली. वीज कमी मिळाली तरी स्थिर खर्च तेवढाच राहतो, त्यामुळे युनिटामागचा भार वाढतो. हा खरा प्रश्न आहे, पण संदेशात त्याबद्दल एक ओळही नाही.

तिसऱ्या दाव्याचे उत्तर वरच्या 43.9 टक्क्यांत येऊन गेले. जे पाणी कालव्यात जाते ते नदीपात्रातल्या 1,200 मेगावॅटच्या वीजगृहातून जात नाही; त्यावर कालव्याच्या मुखाशी असलेले 250 मेगावॅटचे वीजगृह तेवढे चालते. एकाच पाण्यावर दोन गरजा अवलंबून असताना खर्च एकाच गरजेच्या माथी मारला, तर दुसरीला धरण आयते मिळते. केंद्रानेही मार्च 2019 मध्ये जलविद्युत प्रकल्पांतल्या पूरनियंत्रणाच्या भागाचा खर्च अर्थसंकल्पातून देण्याचे ठरवले, कारण पुरापासून वाचणारा प्रत्येक जण त्या प्रकल्पाची वीज विकत घेत नाही.

चौथा दावा मात्र मला सहन होत नाही. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे आली. त्यांतल्या मणिबेलीच्या आदिवासी कुटुंबाने आपले शेत विजेच्या दरावर बोजा टाकण्यासाठी पाण्याखाली घातले नव्हते. जमीन गमावलेल्या पात्र कुटुंबाला किमान 2 हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानावे आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेशातल्या पुनर्वसनाचा खर्च गुजरातने प्रकल्पाच्या खर्चातून द्यावा, हे त्याच निवाड्याने सांगितले आहे. सिमेंटचे पैसे दरात आले की कुणी तक्रार करत नाही, टर्बाइनचे आले तरी नाही, मग ज्या जमिनीवर जलाशय उभा आहे तिचेच पैसे का खुपावेत? ते दिले नसते, तर वीज स्वस्त झाली नसती. तिच्या किमतीतला एक भाग आदिवासींच्या खिशातून गेला असता. अनेक कुटुंबांना जमिनीसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले, तेव्हा तो भाग त्यांनी खरोखरच भरला आहे. आणि नर्मदेच्या ज्या 28 दशलक्ष एकर-फूट पाण्याची वाटणी झाली त्यात महाराष्ट्राला फक्त पाव दशलक्ष मिळाले असल्याने, या धरणातून आपल्याला मुख्यतः वीजच मिळते, तीही याच 33 गावांच्या जागेवरून.

मामांना मी हे सारे फोनवर सांगितले. ज्या तीन गटांवर त्यांनी संदेश पाठवला, त्यांतल्या एकात तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतीतले एक शिक्षक आहेत. त्यांना आधी स्वतः फोन करा आणि मग तिन्ही गटांवर दुरुस्ती टाका, असे मी म्हणालो. मामा बराच वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी शिक्षकांचा नंबर शोधायला वही मागवली.