आमचा मर्फी, तुमचा मर्फी

परवाच्या शनिवारी एका म्हातारबुवांनी माझा खापरपणजोबा पळवला. माझा म्हणजे नवऱ्याचा. सासूबाईंना कुळाचा शोध हवाय, त्यांच्या लेकाला शनिवारी हर्लिंगची मॅच असते. मग आयर्लंडमधल्या कॉर्कच्या लायब्ररीत सासरच्या मर्फ्यांचे पूर्वज उकरायला कोण? साताऱ्याची सून.

जनगणना बघावी तर १८२१ ते १८५१च्या जवळपास सगळ्या १९२२ साली डब्लिनच्या आगीत गेल्या. १८८१ आणि १८९१च्या तर सरकारनेच पहिल्या महायुद्धात लगद्याला दिल्या! उरतं ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४. तिकडचा सातबाराच तो: कूळ कोण, मालक कोण, किती एकर, आकारणी किती शिलिंग. पोराबाळांचा पत्ता नाही. बाईचं नाव दिसलं की समजायचं, बहुतेक नवरा गेला. पुढचे कुळबदल वेगळ्या वह्यांत, जुनं नाव खोडून रंगीत शाईत नवं. फेरफार, दुसरं काय!

तीन शनिवार घालवून एक जॉन मर्फी पकडला. सात एकरवाला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "हा आमचा."

"कशावरून?"

"नकाशात ओढा दिसतोय ना? माझे आजोबा त्यात पडले होते."

"ओढ्यात पडणं हा काय पुरावा झाला?"

म्हातारबुवांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला सावकाश पुसला आणि म्हणाले, "दोनदा पडले होते."

मी गप्प. ते चढले. "तुमचे मर्फी डोंगराकडचे असतील. तिकडे सगळी पाणथळ जमीन."

"आमचे मर्फी काही पाणथळ नाहीत!" मी इतकी ओरडले की काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. बांधावरच्या हातभर मातीसाठी माझे वडील आणि चुलते अकरा वर्षं बोलत नाहीत. त्या भाऊबंदकीला कंटाळून मी देश सोडला होता.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"सातारा."

त्यांनी बराच विचार केला. "तिकडचे मर्फी माझ्या माहितीत नाहीत."

आणि माझ्या पैशांनी काढलेली प्रिंट घडी घालून, खिशात टाकून गेले. थँक यूसुद्धा नाही.

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याच पानावर आणखी दोन जॉन आहेत. त्यातला एक घे."

का म्हणून? एकाकडे नुसतं घर आहे, आणि दुसऱ्याची जमीन बघितली मी. डोंगराकडची आहे.