‘मशिन गच्च भरा, पाणी वाचवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कॉर्पोरेशनचं पाणी एक-दोन दिवस लांबलं की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘वॉशिंग मशिन गच्च भरा, पावडर एक चमचा जास्त टाका, क्विक वॉश लावा. पाणी, लाईट, वेळ तिन्ही वाचतं. वाकळसुद्धा बसते.’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो खपतो.

खरं एवढंच, की अर्धं मशिन दोनदा चालवण्यापेक्षा पूर्ण भरून एकदा चालवलेलं परवडतं. पण पूर्ण म्हणजे कोंबून नव्हे. फ्रंट लोड मुळात कमी पाण्यावर चालतं. कपडे ड्रमबरोबर वर जातात, खाली आपटतात आणि त्या आपटण्यानं मळ सुटतो. दगडावर धुणं आपटायचं तेच तत्त्व. ड्रम ठासून भरला तर पडायला जागाच नाही, गठ्ठा नुसता गोल फिरतो. धुऊन झाल्यावर मधली चादर उलगडून बघा: घडीत पावडरीचे पांढरे पट्टे, शर्टाची कॉलर होती तशीच. मग सगळं पुन्हा धुवा, म्हणजे पाणी वाचलं कुठं? कपडे सैल टाकल्यावर वर हाताचा पंजा उभा सहज मावला पाहिजे. टॉप लोडमध्ये एकेक कपडा मोकळा करून चारी बाजूंनी टाकावा, मधोमध ढीग नको.

‘7 किलोचं मशिन, 7 किलो मावतात.’ मावतात, पण कोरडे सुती कपडे आणि तेही कॉटन प्रोग्रॅमवर. सिंथेटिकला साधारण निम्मे, क्विक वॉशला बहुतेक मशिनांत दोन किलोच्या आसपास. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. म्हणजे ‘गच्च भरा’ आणि ‘क्विक वॉश लावा’ हे दोन्ही एकत्र जमतच नाही. अंदाजासाठी जीन्स पाऊण किलो, टॉवेल अर्धा, डबल चादर पाऊण ते एक, शर्ट पाव किलो धरा. दोन जीन्स, दोन चादरी, तीन टॉवेल, सहा शर्ट: झालं सव्वासहा किलोच्या आसपास. बास.

जादा पावडरीनं फेस वाढतो, कपड्यांचं आपटणं मंदावतं आणि विसळताना साबण आत राहतो. बोअरचं पाणी जड असेल तर थोडी जास्त लागते, हे मान्य. पण किती, ते पाकिटावर बघून. हातानं धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये नकोच.

वाकळ दारातून आत जाते हो, पण पाणी प्यायली की ड्रमच्या एका बाजूला बसते. पिळायच्या वेळी मशिनचा तोल जातो. मशिन पुन्हा पाणी घेऊन ती पसरवायला बघतं, वेळ वाढतो, शेवटी धडधडतं किंवा बंद पडतं. हे वारंवार झालं की ड्रमचे धक्के झेलणारे शॉकर आणि ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग जातात. वाकळ हातानंच धुवावी. एकटी जाड चादर असेल तर सोबत दोन टॉवेल टाका, वजन वाटलं जातं. नऊवारी सैल घडी करून जाळीच्या पिशवीत, नाहीतर बाकीच्या कपड्यांना गुंडाळून बसते.

खिसे रिकामे आणि चेन लावलेली, हे सांगायला नको. पावसाळ्यात खानापूरकडच्या तांबड्या मातीनं माखलेले कपडे मात्र आधी वाळू द्या, झटका, मगच टाका. ओला चिखल तसाच गेला तर दाराच्या रबराच्या घडीत आणि खाली पंपाच्या जाळीत साचतो, आणि पुढच्या पांढऱ्या कपड्यांवर तांबूस झाक येते.