व्हिएतनामला स्वेटर लागतो

दिवाळी संपली की सहलीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं: व्हिएतनाम विषुववृत्ताजवळ आहे, तिथे बाराही महिने उकाडा, गरम कपडे नेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत देशभर कोरडं असतं, कुठेही जा. आणि मे-जूनमध्ये जाणार असाल तर उत्तर गाठा, तिकडे गार असतं.

आधी नकाशा बघू. हा देश उत्तर-दक्षिण सुमारे 1,650 किलोमीटर लांब आणि सर्वांत अरुंद जागी जेमतेम 50 किलोमीटर रुंद. आपल्याकडच्या अक्षांशांत सांगायचं तर तिरुवनंतपुरम ते भोपाळ. एवढ्या पट्ट्याला एकच हवामान? मेसेज लिहिणाऱ्याने फक्त दक्षिणेतलं सायगाव, म्हणजे हो ची मिन्ह सिटी पाहिलेली दिसते. तिथे तो बरोबर आहे: जानेवारीचं सरासरी तापमान 26-27 अंश.

उत्तरेतल्या राजधानीचं, हनोईचं, त्याच महिन्यातलं सरासरी 16-17. गंमत म्हणजे हनोई नागपूरच्याच अक्षांशावर, 21 अंश उत्तरेला आहे. नागपुरात जानेवारीची पहाट हनोईपेक्षाही गार असते, पण दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. हनोईत ती दुपार येतच नाही. सायबेरियाकडून येणारी थंड हवा आपल्याकडे हिमालय अडवतो. तिथे ती दक्षिण चीनवरून सरळ लाल नदीच्या खोऱ्यात उतरते. ईशान्येच्या डोंगररांगासुद्धा पंख्यासारख्या उत्तरेकडे उघडणाऱ्या, म्हणजे वाऱ्याला वाटच मोकळी. थंडीची लाट आली की दिवसभर ढगाळ, पारा दहा-बारावर, आणि घरांत हीटर सहसा नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यात भुरभुर पाऊस आणि दमटपणा, इतका की फरशीला पाणी सुटतं. उत्तरेतलं सा पा हे डोंगरातलं गाव तर 1,500 मीटरवर; तिथे अधूनमधून बर्फही पडतो. जानेवारी 2016 मध्ये हनोईजवळच्या बा व्ही डोंगरावरसुद्धा पडला होता.

‘देशभर कोरडं’ हा दावा तर पैसे बुडवणारा आहे. डिसेंबर ते एप्रिल कोरडं असतं ते दक्षिणेत. मधल्या किनाऱ्यावर, हुए, दा नांग, होई आन इथे, सप्टेंबर ते डिसेंबर हाच पावसाळा. ईशान्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि त्रुओंग सॉन पर्वताला धडकतात. चेन्नईकराला हे समजावून सांगावं लागणार नाही, त्याचाही पाऊस याच सुमारास येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला होई आनच्या जुन्या गल्ल्यांत होड्या फिरतात, आणि ते पर्यटकांसाठी नसतं. ऑक्टोबर 2020 मध्ये तर मध्य व्हिएतनाममध्ये पाठोपाठ वादळं येऊन मोठे पूर आले. दिवाळीच्या सुट्टीत होई आनचं बुकिंग करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. हुए आणि दा नांग यांच्यामध्ये हाय व्हान घाट आहे. उत्तरेची थंडी बरीचशी तिथेच अडते, त्यामुळे हिवाळ्यात घाट उतरून दा नांगला आलं की हवा बदललेली कळते.

‘उन्हाळ्यात उत्तर गार’ हे थेट उलटं. जून-जुलैत हनोईचं सरासरी तापमान 29-30, सायगावचं 28 च्या आसपास. दक्षिणेत तोवर पाऊस सुरू झालेला असतो; तिथला खरा उन्हाळा एप्रिलमध्ये उरकतो. उत्तर-मध्य भागात तर ‘लाओसचा वारा’ सुटतो. नैऋत्य वारे लाओसच्या बाजूला पाऊस टाकून डोंगर ओलांडतात. आपल्याकडे सह्याद्री ओलांडल्यावर ते पठारावरच राहतात. तिथे थेट किनाऱ्यापर्यंत उतरतात आणि उतरताना तापतात. मे 2023 मध्ये न्घे आन प्रांतात पारा 44 अंशांवर गेला होता. गारवाच हवा असेल तर सा पा किंवा दक्षिणेतलं दा लात. दोन्हीकडे गारवा उंचीचा आहे, उत्तर-दक्षिणेचा त्याच्याशी संबंध नाही.

एकाच फेरीत तिन्ही भाग बघायचे असतील तर मार्च-एप्रिल त्यातल्या त्यात बरा. सायगावला घाम येईलच. आणि जानेवारीत हनोईहून ‘हा लाँग बे’ या खाडीला जाणार असाल तर जाकीट घ्या. ब्रोशरमधलं निळं आकाश तेव्हा क्वचितच दिसतं.